वाहवाकाका

गल्लीत त्यांना सगळे वाहवाकाका म्हणत, आणि हे नाव काही प्रेमाने पडलेलं नव्हतं. विमा कचेरीतून निवृत्त झाल्यापासून त्यांचा एकच उद्योग होता. कोपऱ्यावरच्या पुस्तकांच्या दुकानात दर महिन्याला वाचकांचा मेळावा भरे, तिथे उठून कौतुक करायचं.

"काय ही निवड! इकडे कादंबरी, तिकडे मधमाश्या, मध्येच मूत्रपिंडाचे विकार! वाचकाला आणखी काय हवं?"

'अंतर्मुख झालो' हा त्यांचा ठेवणीतला शब्द. मधमाश्यांनीही त्यांना अंतर्मुख केलं होतं. वाचायचे मात्र फक्त मलपृष्ठ, तेही दुकानातल्या पंख्याखाली बसून. दुकानदाराला सगळं ठाऊक होतं. पण काका बोलले की पुस्तकं खपत, मग तो कशाला तोंड उघडतोय!

एकदा काकांनी एक जाडजूड कादंबरी विकत घेतली आणि पुढच्या मेळाव्यात ती उंच धरून सांगितलं, "शेवट वाचून ढसाढसा रडलो हो!"

ती प्रत घरी सुनेने वाचायला घेतली. सून शाळेत गणित शिकवायची, हातातलं काही अर्धवट सोडायची नाही. कादंबरी अर्ध्यावर आली आणि पुढची सगळी पानं कोरी. छापखान्याचा घोळ.

जेवताना तिने विचारलं, "बाबा, शेवटी त्या बाईचं काय होतं हो?"

"सांगण्यात काय मजा? वाच की."

"वाचलं असतं. पण निम्मं पुस्तक कोरं आहे."

काकांनी तांब्या पुढे ओढला. मग पाणी पिऊन म्हणाले, "नवं लेखन आहे ते. लेखकाने वाचकावर सोडलंय."

तिच्या नवऱ्याला ठसका लागला. सून हसली नाही. दुसऱ्या दिवशी तिने प्रत बदलून आणली, पूर्ण वाचली, आणि पुढच्या मेळाव्याला जाऊन सरळ दुसऱ्या रांगेत बसली.

काका नेहमीप्रमाणे घसा खाकरून उठले. नवं पुस्तक हातात, 'अंतर्मुख' ओठांवर. एवढ्यात सून दिसली. त्यांचा चेहरा पडला.

"मी... मी हे अजून वाचलेलं नाही," ते पुटपुटले आणि मटकन खाली बसले.

दुकानात टाळ्यांचा कडकडाट झाला. "केवढा विनय!" कोणीतरी म्हणालं. सुनेने कपाळावर हात मारला.

काकांना मात्र नवा सूर सापडला. आता प्रत्येक मेळाव्यात ते हेच सांगतात, टाळ्या घेतात, आणि मग वर्षानुवर्षं न वाचता केलेलं तेच कौतुक पुढे चालू करतात.