खोटे गुरुवार आणि चाळीस वर्षांचं तेल

“गुरुवारचे सगळे आकडे खोटे आहेत, वन्सं.”

“तोंड सांभाळ! तीस वर्षं पंप चालवतेय मी. एका थेंबाची लबाडी नाही.”

“थेंबाचं कोण बोलतंय? मी आकड्यांचं बोलतेय. बाकीचे सहा दिवस बघा. त्र्याऐंशी पूर्णांक सात, एकसष्ट पूर्णांक दोन. आणि गुरुवारी? साठ, पंचावन्न, सत्तर! गुरुवारी काय तुमचं पेट्रोल रांगेत उभं राहतं?”

“राहत असेल. शिस्तीचं आहे.”

“आणि ही शिस्त बरोब्बर अकरा वर्षांपूर्वी लागली? त्याआधीचे गुरुवार तर चांगले वेडेवाकडे आहेत.”

पंपाच्या मालकीणबाईंनी उठून केबिनची काच सरकवली. बाहेर स्कूटरवाल्यांची रांग लागली होती आणि नळी धरलेली मुलगी मान वळवून ऐकत होती.

“हळू बोल जरा. भावाच्या बायकोने नणंदेचं वस्त्रहरण करायला ही काय जागा आहे?”

भावाची बायको म्हणजे शाळेतल्या गणिताच्या बाई. वय छप्पन. घड्याळाची तबकडी मनगटाच्या आतल्या बाजूला, म्हणजे वेळ पाहताना मुलांना कळू नये. त्यांची एक जुनी स्कूटर होती. शाळेच्या उतारावर बाई इंजिन बंद करून ती नुसती सोडायच्या. त्यात तेल वाचायचं, आणि आवाज न करता पोचल्यामुळे फाटकामागे गृहपाठ उतरवणारी चार पोरंही रोज सापडायची.

त्या गेले चार दिवस शाळा सुटली की इथे येऊन बसत होत्या. समोर एकोणीस वह्या. रोज सकाळी सहाला, पंप सुरू व्हायच्या आधी, जमिनीखालच्या टाकीत पितळी पट्टी सोडायची, ती कुठवर ओली झाली ते पाहायचं आणि आकडा वहीत लिहायचा. याला डिप घेणं म्हणतात. वन्संनी हे काम कधी कुणाच्या हाती दिलं नव्हतं. निदान बाईंची तशी समजूत होती.

“खरं सांगा, गुरुवारी सहाला कुठे असता?”

वन्संनी टेबलावरचा स्टेपलर उघडला, मिटला, पुन्हा उघडला.

“पोहायला.”

“काय?”

“पोहायला जाते! बायकांची वेळ फक्त गुरुवारी पहाटे असते. एक्कावन्नाव्या वर्षी सुरू केलं. आता उलटीसुद्धा पोहते. दादाला सांगशील तर याद राख. तो म्हणेल, या वयात शोभतं का. आणि मग मला त्याला दोन ठेवून द्याव्या लागतील.”

बाईंचा नवरा चोपन्न वर्षांचा असताना दोन खाल्ल्याचं त्यांना आठवत होतं, तेव्हा धमकी पोकळ नव्हती. त्या हसल्या. मग हसू आवरून त्यांनी लाल पेन्सिल घेतली आणि एकेक गुरुवार खोडायला लागल्या.

“अगं, खोडतेस काय? अंदाज बरा असतो माझा!”

“अंदाज असेल. मोजलेलं नाही.”

बाई या वह्यांत शिरल्या होत्या त्याला कारण होतं. सोमवारी त्यांच्या एका धड्याचा निकाल लागणार होता.

दरवर्षी आठवीला त्या एक गणित घालत. ते पाठ्यपुस्तकात नव्हतं. अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी स्वतः रचलेली ही एकच गोष्ट. जगात आजवर सापडलेला तेलाचा साठा घ्या, त्याला वर्षाच्या खपाने भागा. तेल किती वर्षं पुरेल? आकडे त्या दरवर्षी ताजे आणत. मुलं भागाकार करत, आणि उत्तर यायचं चाळीसच्या आसपास. कधी अडतीस, कधी त्रेचाळीस. पोरांनी त्यांचं नावच पाडलं होतं, चाळीसबाई. बाईंना वाटायचं, ते आपल्या वयावरून पाडलंय, त्यामुळे त्या कधी रागावल्या नाहीत.

मग एक दिवस सायकलवाला शाळेत आला. त्यांचाच जुना विद्यार्थी, आता आठवीतल्या मुलीचा बाप. एका हातात स्वतःची सव्वीस वर्षांपूर्वीची वही, दुसऱ्या हातात मुलीची.

“बाई, माझ्या वहीत चाळीस. शेजारी तुमचं ‘शाबास’. बरोबर?”

“बरोबर.”

“त्या शाबासकीवर मी सायकलचं दुकान काढलं. लोक हसले. म्हटलं, हसा लेको, चाळीस वर्षांनी रांगेत याल. सव्वीस गेली, चौदा उरली. एकेक वर्ष कॅलेंडरवर खोडतोय! आणि काल ही घरी येऊन म्हणते, बाबा, एक्केचाळीस. बाई, माझी सव्वीस वर्षं गेली कुठे?”

तक्रार मुख्याध्यापिकांकडे गेली. त्या तरुण होत्या, नीटनेटक्या होत्या, आणि तक्रार त्यांना चपलेतल्या खड्यासारखी टोचायची. त्यांनी बजावलं, “सोमवारी पालकांसमोर समजावून सांगा. नाही जमलं तर धडा बंद.”

आणि बाईंना समजावता येईना. भागाकार बरोबर होता. तो त्यांनी सात वेळा केला. शेवटी रविवारी जेवताना वन्संनीच टोमणा मारला होता, “तुझ्या जगाचं तू बघ. माझ्या टाकीत पहिल्या दिवसापासून चार दिवसांचं तेल आहे, आजही चार दिवसांचंच.” बाईंचा घास हातातच राहिला होता.

सोमवारी मुख्याध्यापिकांच्या खोलीत बाईंनी भिंतीवर आलेखाचा मोठा कागद लावला. सायकलवाला पहिल्या खुर्चीवर, दोन्ही वह्या मांडीवर घेऊन.

“ही निळी रेषा पंपाचा खप. तीस वर्षांत पाचपट. ही हिरवी, टाकीत किती दिवसांचं तेल शिल्लक ते. बघा, सपाट. कायम चार दिवस.”

“मध्ये मध्ये तुटलीय का ती?” मुख्याध्यापिकांनी विचारलं.

“ते गुरुवार. त्या दिवशी मोजलं नव्हतं, आकडा नुसताच लिहिला होता. म्हणून गाळलाय. जगातल्या साठ्यांचे आकडेही बऱ्याच ठिकाणी मालकच लिहून देतात, मॅडम. त्यांचे गुरुवार किती, आपल्याला काय ठाऊक?”

“मुद्द्यावर या.”

“मुद्दा हाच. चार दिवस म्हणजे टाकीत किती मावतं ते नव्हे. मालकिणीला किती ठेवावंसं वाटतं, ते. खप वाढला की ती टँकर लवकर मागवते. तेल काढणारेही तसेच. पुढची चाळीसेक वर्षं दिसली की त्याच्या पलीकडचं शोधायला कोण जीव टाकतो? एका वर्षाचं जाळतात, एका वर्षाचं नवं शोधतात, नाहीतर जुन्या विहिरीतून आणखी थोडं निघेल असं मांडतात. उत्तर जागचं हलत नाही.”

सायकलवाल्याचा चेहरा पडला. “म्हणजे संपतच नाही?”

“संपतं रे. विहिरी काही परत भरत नाहीत. पण ते चाळीसमध्ये दिसत नाही, या तिसऱ्या रेषेत दिसतं. ही काळी. टँकर मागवल्यापासून यायला लागलेले तास, त्याच वह्यांतल्या नोंदींवरून. पहिल्या वर्षी सहा. आता पन्नास. जवळचा डेपो बंद झाला, मग त्याच्या पलीकडचा. तेलाचंही तेच. आधी जवळचं, सोपं संपतं. मग लांबचं, समुद्राच्या तळाखालचं उपसावं लागतं. दर पिंपामागे कष्ट जास्त.”

बाईंनी आलेखाकडे पाहत पुढचं वाक्य म्हटलं, जरा हळू.

“अठ्ठावीस वर्षं मी मुलांना हिरवी रेषा काढायला लावली. काळी काढायला मला सुचलंच नाही.”

“म्हणजे धडा चुकीचा होता,” मुख्याध्यापिका म्हणाल्या.

“अर्धा होता. उरलेला आजपासून शिकवते.”

“हे बघा बाई, तुमचं कौतुक आहे. पण तीन रेषा, तुटके गुरुवार, हे पालकांच्या पचनी पडायचं नाही. परीक्षेत एक उत्तर लागतं. एक आकडा ठरवा, धडा राहील. नाहीतर नाही.”

“मलाही आकडा लागतो,” सायकलवाला खुर्ची पुढे ओढत म्हणाला. “दुकानात माल भरायचाय. बाई, चौदा म्हणा. बरं, अठरा? वीसवर मी तयार आहे.”

“वीस फारच कमी वाटतं. मुलं घाबरतील,” मुख्याध्यापिका म्हणाल्या. “पस्तीस लिहू या.”

“पस्तीस? मॅडम, मी म्हातारा होईन! पंचवीस.”

“तीस. मधलं. झालं?”

“अठ्ठावीस करा. तुमचं नको, माझं नको.”

“चला, अठ्ठावीस,” म्हणत मुख्याध्यापिकांनी पेनाचं टोपण काढलं. “बाई, अठ्ठावीस लिहितेय मी. चालेल ना तुम्हाला?”

बाईंनी भिंतीवरून कागदाचे चारही कोपरे सोडवले, नीट गुंडाळी केली, रबर लावलं. तेवढ्यात तिसऱ्या तासाची घंटा झाली.

“बाई? मी काय विचारतेय?”

बाईंनी सायकलवाल्याच्या मांडीवरची मुलीची वही उचलली, गुंडाळी काखेत मारली आणि आठवीच्या वर्गाकडे निघून गेल्या.