व्याही बार शोधायला जातात

सुनेने घरून भरून आणलेली पाण्याची बाटली वडिलांच्या ओठांना लावली आणि त्यांनी दात घट्ट मिटले. ओमानच्या मसिरा बेटावरून परतणाऱ्या फेरीबोटीत, दोन गाड्यांच्या मधे, माझे व्याही तापलेल्या पत्र्यावर आडवे पडले होते. ओठ फाटलेले, डोळे अर्धे मिटलेले. "पपा, प्लीज, एकच घोट," सून रडत होती. मुलगा म्हणाला, "आई, यांनी नक्की कुठेतरी घेतलीय." मी वाकून वास घेतला. नुसता घाम. मग हा माणूस पाणी का घेत नाही, ते मला कळेना.

तसं व्याह्यांचं मला कधीच काही कळलेलं नाही. चहूबाजूंनी पाणी असलं की मधे बार असणारच, अशी इतकी पक्की श्रद्धा असलेला माणूस पृथ्वीवर दुसरा नसेल. घराणं मूळचं आपल्याकडचंच, पण जन्म गेला हिंदी महासागरातल्या एका चिमुकल्या बेटावर, बारच्या काउंटरमागे. तिथे म्हणे शाळा एकच, डॉक्टर आठवड्याने यायचा, आणि बार मात्र नारळाच्या झाडांइतके. दिवे लागले की कोळी, पोलीस आणि पाद्री एकाच बाकावर बसायचे. "बायकासुद्धा, विहीणबाई. नाचायच्या," ते सांगत. "मग स्वयंपाक कोण करायचं?" मी विचारलं. त्यावर ते पुन्हा नाचाचंच सांगू लागले. स्वतः मात्र कधी थेंब घेतला नाही. का, म्हटलं, तर म्हणाले, "हलवाई पेढे खातो का?"

दरवर्षी ते मस्कतजवळ सीबला आमच्याकडे महिनाभर राहायला येतात. आले की आमच्या ताकाच्या पेल्यांना लिंबाच्या चकत्या लागतात. चहात साखर विरघळवायला चमचा वापरणं त्यांना कमीपणाचं वाटतं. दोन पेले एकमेकांवर दाबून कानाशी खळखळवतात. एकदा आमटी अशी हलवली. छतावर अजून डाग आहे. जेवताना आमटी ओरपतात, पण ताटाशेजारचा पाण्याचा पेला भरलेला तो भरलेलाच. आणि दिवसातून तीन-चार वेळा फुलाफुलांचा शर्ट चढवून, केस विंचरून, "जरा बार बघून येतो." सीबच्या जुन्या बाजारात कापड, मासळी आणि अत्तर. तिथे बार कुठला? आणि सकाळी आठला कुठला बार उघडतो? मुलगा घाबरायचा. "पिऊन रस्त्यात सापडले तर खलास, आई." पण परत येत ते ताजेतवाने, तोंडाला वेलचीचा वास. दारूत वेलची घालतात की काय, हेही मला माहीत नव्हतं.

मसिराला जायचा हट्ट त्यांचाच. बेट म्हटल्यावर राहवेना. उतरल्या उतरल्या शर्ट ठीकठाक करून निघाले. पण तो शुक्रवार, भर दुपार. दुकानांची शटरं खाली, रस्त्यावर वारा आणि शेळ्या. परतीच्या बोटीच्या वेळेला आले ते पाय ओढत, आणि बोट सुटल्यावर कोसळले.

सून पुन्हा बाटली लावायला गेली. त्यांनी मान फिरवली आणि डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. तेव्हा मला माझे वडील आठवले. ते माझ्या सासरी आले की पाणी शेजारी जाऊन प्यायचे. लेकीची कूस उजवेपर्यंत तिच्या घरचं पाणी प्यायचं नाही, ही आमच्याकडची जुनी रीत. माझ्या सुनेच्या लग्नाला नऊ वर्षं झाली. मूल नाही. डॉक्टर करून झाले. रीत सांगितली असती तर पोरीला घाव बसला असता, म्हणून हा माणूस बार शोधत हिंडत होता.

मी शेजारच्या गाडीतल्या ओमानी माणसाकडे गेले. तोंडाशी ओंजळ धरून दाखवली. त्याने बर्फातली बाटली काढून दिली. ती लावली तर व्याही घटाघट प्यायले. दुसरीही प्यायले.

"माझी का नाही घेतली?" सून म्हणाली.

"तुझी गरम होती," मी म्हटलं.

ती गाडीतून चादर आणायला गेली तेव्हा ते पुटपुटले, "विहीणबाई, पोरीला सांगू नका. बार म्हणजे बाजारातली चहाची टपरी. रत्नागिरीचा चाचा आहे, माठातलं पाणी देतो."

"मूर्ख आहात. आमटीत मग काय असतं?"

"ती शिजलेली असते. शिजलेलं चालतं," ते म्हणाले. हे त्यांनी कुठल्या शास्त्रात वाचलं, देव जाणे.

आता ते यायच्या आधी मी शेजारच्या मल्याळी बाईकडून पाण्याच्या बाटल्या आणून त्यांच्या पलंगाखाली ठेवते. तरी दिवे लागले की फुलांचा शर्ट चढतोच. चाच्याची सवय झालीय म्हणतात. सून हसते, "पपा काही सुधारायचे नाहीत." तिला मराठी वाचता येत नाही, म्हणून हे लिहिलं. घरात पाळणा आलेला नाही, आता येईल असंही मला वाटत नाही. त्या बोटीतून व्याही मात्र जिवंत उतरले.