नात असून नाही म्हणाले

“ए मावशी, उभ्या काय राहिलात? झाडू घ्या. कागद उडतायत सगळीकडे.”

मांडवाच्या तोंडाशीच त्या बाईंनी मला अडवलं. आमच्या खो-खो मंडळाच्या सेक्रेटरींची बायको. मी घडीची साडी नेसले होते, केसांना तेल लावलं होतं. पोरींनी खो-खोत जिल्हा जिंकला होता आणि मैदानावर त्यांचा सत्कार होता. माझी नात त्या संघात. मी तिची आजी म्हणून गेले होते.

झाडू घेतला. झाडलं.

स्टेजवरून नावं पुकारत होते. खेळाडूंनी पालकांना घेऊन वर यावं म्हणत होते. नातीचं नाव आलं. ती एकटी चढली. “सोबत कोण आलंय?” त्याच बाईंनी माइकवरून विचारलं. नातीनं बोट दाखवलं. “ती माझी आजी.”

सगळ्या माना मागे वळल्या. मी खुर्च्यांच्या मागे, हातात झाडू.

“मावशी? ही तुमची कोण लागते?”

मी म्हणाले, “नाय बाई. मी झाडायला आलेय.”

“अगं, हिची आजी हरवली वाटतं!” पुढच्या रांगेतला एक बाप म्हणाला. लोक हसले. पोरगी तिथेच उभी. बारा वर्षांची. गळ्यात पदक आणि सगळ्यांसमोर खोटी पडलेली.

मला कोणी धमकावलं नव्हतं. नंतर मी स्वतःला सांगितलं, इंजिनियर-डॉक्टरांच्या पोरींमध्ये हिचं नाव खाली जाऊ नये म्हणून बोलले. तेही खरं नाही. मला माझीच लाज वाटली. पोरीचं कारण मागाहून जोडलं.

मी चौथी शिकलेली. मुलगा वारला. सून मानपाड्याच्या कारखान्यात पहिल्या पाळीला जाते, म्हणून सकाळची पोरगी माझी. तीन वर्षं साडेपाचला उठवलं. थंडी असो, सण असो, ताप उतरलेला असो. खो-खोचे सर म्हणायचे, सरावाचा एक दिवस चुकला की पाय विसरतात. मी चुकू दिला नाही.

मैदान महापालिकेचं. लग्नाला, पूजेला भाड्यानं देतात. मांडव उतरला की खिळे, काचा, बाटल्यांची झाकणं मातीतच राहतात. खो-खोत पोरी जमिनीवर सूर मारतात, छातीवर घसरत जातात. पहिल्याच आठवड्यात नातीच्या तळपायात खिळा गेला. दुसऱ्या दिवसापासून मी खराटा आणि पत्र्याचा डबा घेऊन आधी जायला लागले. पोरी अंगाला ताण देईपर्यंत मी वाकून सगळं मैदान वेचायची. सगळ्याच पोरींसाठी.

बाकीचे आईबाप स्कूटरवरून यायचे आणि कट्ट्यावर चहा पीत बसायचे. एकदा त्याच बाई म्हणाल्या, “महापालिकेनं ठेवलंय का तुम्हाला? छान करता हो काम.”

मी हसले. हो म्हणाले नाही, नाही म्हणाले नाही. त्या दिवसापासून मी मावशी. मावशी, बाटली भरून आणा. मावशी, चपलांकडे बघा जरा. आणली. बघितलं. नात धावता धावता हे सगळं बघायची. सरांना माहीत होतं मी कोण ते. तेही गप्प. झाडणारी फुकट मिळत होती.

 सत्काराच्या दुसऱ्या दिवशी पोरीला साडेपाचला हलवलं तर भिंतीकडे तोंड करून म्हणाली, “तू झाडायला जातेस ना? मग जा.”

गेले. सत्काराच्या मांडवाचे खिळे पडले होते, आणि दुसऱ्यांच्या पोरी तरी अनवाणीच धावणार होत्या. वाकले आणि तिथेच कळलं. तीन वर्षं रोज सराव करून पोरगी तरबेज झाली. मीही झाले. मान खाली घालण्यात. एकही दिवस न चुकवता. सत्काराच्या दिवशी ते ‘नाय बाई’ इतकं सहज तोंडातून आलं, कारण मी ते रोज घोटलं होतं. पोरीला मी दोन्ही शिकवत होते. पळायलाही आणि हेही.

“मावशी, आज जरा पाणीपण मारा. धूळ उडतेय,” बाई कट्ट्यावरून म्हणाल्या.

मी उभी राहिले. कंबर धरली होती, वेळ लागला.

“मी कामाला नाही. काल जिला खोटी पाडलीत, तिची मी आजी.”

बाई म्हणाल्या, “अहो, मग सांगायचं ना! आम्हाला काय स्वप्न पडणार? आणि काल तुम्हीच तर नाही म्हणालात.”

“म्हणाले. चूक केली. पण तीन वर्षं मी कोणाची कोण, ते तुम्ही विचारलंतही नाही.”

“आजी, जाऊ द्या,” सर म्हणाले.

“सर, तुम्ही बोलू नका. तुम्हाला माहीत होतं.”

ते शिट्टीशी चाळा करत राहिले. मी डबा बाईंच्या पुढ्यात ठेवला. “तुमची पोरगीपण इथेच सूर मारते. अर्धं मैदान तुमचं. वेचा.”

त्यांनी वेचलं नाही. कोणीच वेचलं नाही. माझं अर्धं मी वेचलं आणि घरी आले.

नातीला सांगितलं, सगळ्यांसमोर बोलून आले. ती म्हणाली, “मी होते का तिथे?”



पाच दिवस ती गेली नाही. सहाव्या दिवशी आपणहून उठली. चपला घातल्या आणि निघाली. माझ्या पुढे, दहा पावलं. आता रोज तशीच चालते. मी थांब म्हणत नाही. तिनं मला माफ केलेलं नाही आणि मी मागतही नाही. तीन वर्षांचं एका सकाळी पुसलं जात नाही.

सरांनी गेल्या आठवड्यात मला बाजूला घेतलं. बाईंचा राग आहे, जिल्हा संघाची निवड जवळ आली आहे, जरा सांभाळून घ्या म्हणाले. मी सांभाळणार नाही. नातीची निवड तिच्या पायांवर होईल, नाहीतर होणार नाही. त्यासाठी मी मान खाली घालणार नाही. रोज जाणार. कोणी मावशी म्हणून काम सांगितलं तर तिथेच, नातीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात सांगणार, मी तिची आजी आहे. कोणी विचारलं नाही तरी सांगणार.