दोघांची शीट

मी शिवणकाम करते त्या गाळ्याशेजारी मिस्त्रींचं गॅरेज आहे. दोस्ताबरोबर दोन मोटारसायकलींवर नेपाळ, भूतान फिरायचं ते रोज ठरवतात. बोलताना पान्यानं टाकी वाजवतात. "व्हय ना?" विचारतात आणि उत्तराला थांबत नाहीत.

परवा दोस्त लंगडत आला. गुडघ्यामुळे डॉक्टरांनी त्याचं गाडी चालवणं कायमचं बंद केलं होतं.

"तू जा एकटा. फोटू पाठव," तो म्हणाला.

मिस्त्रींनी स्वतःच्या गाडीची शीट काढून माझ्यापुढं ठेवली.

"ताई, मागं जाड फोम घालून शिवा. ह्यो लई जड हाय."

"जड तुझा बाप!"

मी मान खाली घालूनच हसले. दोस्तानं शीटचा मागचा भाग दाबून बघितला.

"ताई," तो हळूच म्हणाला, "पाठ टेकायलाबी कायतरी करा. लांब जायचंय."