पेढा टाकला पिवळ्या डब्यात

माझ्या हातचा पेढा काकांनी टिश्यूत गुंडाळला आणि पिवळ्या डब्यात टाकला. रक्ताचा कापूस टाकतो त्या डब्यात. माझ्यासमोर.

सीवूड्सचे काका. सानपाड्याच्या आमच्या डायलिसिस सेंटरला चार वर्षं येत होते, आठवड्यातून तीनदा. सुई माझ्याच हातची पाहिजे. दुसरी कुणी आली की हात आखडून घ्यायचे. ‘माझी सिस्टर कुठंय?’ अंगातलं सगळं रक्त माझ्या हाताखालून जायचं, परत यायचं. ते चालायचं.

त्या दिवशी मी नोकरी सोडल्याचे पेढे वाटत होते. मराठवाड्यात आमच्या तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात दोन मशिनी येऊन पडल्यात. चालवणारं कुणी नाही. माझी मावशी लेकरंबाळं गावाकडं टाकून दोन वर्षं माझ्या खोलीत पडून आहे. कशासाठी? तर या सुईसाठी, तिच्याही किडन्या गेल्यात. म्हणून मी परत चालले होते. मॅनेजरनं कौतुकानं सगळ्यांसमोर माझं पूर्ण नाव घेतलं. चार वर्षं बिल्ल्यावर नुसतं पहिलं नाव होतं. आडनाव कानावर पडलं आणि काकांचा तोंडाकडं निघालेला हात थांबला.

वर मलाच म्हणाले, ‘सहा महिने थांब. मी बोलतो मॅनेजरशी. तिकडं जाऊन काय करणार? तुम्हा लोकांना या शहरानंच माणसात आणलं.’

आणि मी म्हणाले, ‘बघते काका.’

मेली सवय. अजून त्या दोन शब्दांची लाज वाटते, पेढ्याची नाही.

सुई लावली. नीट लावली. ते माझं काम, उपकार नव्हे. मशीन सुरू झालं, मग बोलले.

‘काका, मी थांबणार नाही. माझ्या हातचं खायला चालत नाही, मग हात कशाला अडवून ठेवता?’

‘आवाज खाली.’

‘चार वर्षं खालीच होता.’

सगळा हॉल ऐकत होता. मॅनेजर फाइल चाळत बसला.

पुढच्या सोमवारी मी आणि मावशी निघतोय. तालुक्याला आरती ओवाळायला कुणी उभं नाही, माहितीय मला. आडनाव विचारणारे तिथं जास्तच. विचारू देत. आमच्या माणसांनी जगण्यासाठी चारशे किलोमीटर का यावं? मशीन तिथंच चालणार आणि मीच चालवणार. दारावर पाटी लागेल, पूर्ण नावाची. ज्याला ते नाव वाचून आत यायचं नसेल, त्यानं यावं खुशाल मुंबईला.