मुकीची बारी

नांदेडला विद्यापीठात मी संगीत शिकवते. खरं तर गाते कमी आणि मोजते जास्त. गाणं कॉम्प्युटरवर टाकायचं, सुराची रेघ बघायची, आवाज कुठे चढला, श्वास कुठे घेतला ते लिहून काढायचं. माझी आई त्याला गाण्याचा एक्स-रे म्हणते. या मोजामोजीतूनच डोक्यात एक खूळ शिरलं. ज्या शाळांत संगीताचा शिक्षक कधी पाऊल ठेवत नाही, तिथल्या मुलींना त्यांच्याच गावच्या गाण्यांतून ताल-सूर शिकवायचा. विभागातले लोक म्हणाले, त्यापेक्षा बाजाच्या पेट्या वाटा, फोटो तरी चांगले येतात. मी म्हटलं, तुम्ही वाटा, मी चालले.

अशी मी किल्लारीला पोचले. नागपंचमीच्या फेराची गाणी घ्यायची होती. या फेरात प्रत्येक बाईची बारी असते. जिची बारी तिने ओळ म्हणायची, बाकीच्यांनी झेलायची, आणि पायाचा ठेका सुटू द्यायचा नाही. एका घरासमोर बायका जमल्या. साठीच्या पुढची एक मावशी सगळ्यांना हाकत होती. गाणं रंगात आलं आणि मध्येच सगळ्या थांबल्या. पाय थांबले, आवाज थांबला. प्रत्येकीने डाव्या हाताने उजव्या हातातल्या बांगड्या घट्ट धरल्या. मग काही झालंच नाही अशा थाटात पुढची ओळ सुरू झाली.

मला वाटलं, कुणीतरी ओळ विसरली. पण दुसऱ्या गाण्यातही तेच झालं आणि तिसऱ्यातही. तीच जागा, तेवढाच वेळ. विचारलं तर मावशी म्हणाली, "हाय तसंच हाय ते," आणि चहा टाकायला आत गेली.

नांदेडला येऊन गाणं पडद्यावर उघडलं. त्या थांबलेल्या जागेत रेघ सपाट असायला हवी होती. तिथे बारीक बारीक टोकं होती. हेडफोन लावून आवाज वाढवला. काच वाजत होती. हात झटकल्यावर बांगड्या वाजतात ना, तशी. व्हिडिओ पाहिला. एकूण एक बाईने बांगड्या धरलेल्या होत्या, कुणाचा हात हलत नव्हता. भरदुपारी, खिडकीबाहेर पोरं क्रिकेट खेळत असताना, माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. मला स्वतःचाच राग आला. म्हटलं, बाई, इतकी शिकलीस आणि बांगड्यांना घाबरतेस?

इकडे आमच्या रेकॉर्डिंगवाल्याने भलताच उत्साह दाखवला. मधली शांतता कापून, गाणं सलग करून त्याने ते किल्लारीच्या शाळेत सरावासाठी पाठवून दिलं. मला त्याचा पत्ताच नाही. पुढच्या खेपेला लातूरहून जीपने शाळेत पोचले तर पटांगणात गोंधळ. मुली फेर धरायच्या आणि थोड्याच वेळात एकमेकींवर आदळायच्या. डावा पाय यायचा तिथे उजवा येत होता. "तूच चुकायलीस!" "मी न्हाई, तूच!" अशी नुसती जुंपली होती.

मावशी शाळेच्या भिंतीपलीकडून बघत होती. ती तरातरा आत आली. एवढी संतापली होती की तिचा पदर सुटला तरी भान नव्हतं.

"तिची बारी कुनी खाल्ली?"

"कुणाची, मावशी?"

"माझ्या बहिनीची!"

तिला पाणी दिलं, पायरीवर बसवलं. मुली भोवती गोळा झाल्या. त्यांना पिटाळणार होते, पण तीच म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. आयकू द्या त्यास्नी बी."

धाकटी बहीण जन्माची मुकी. मुकीला कोण करून घेणार, म्हणून ती मावशीकडेच राहायची. पण फेराची भारी हौस. तिची बारी आली की बाकीच्या थांबायच्या आणि ती हात वर करून बांगड्या वाजवायची. तेच तिचं गाणं. कुणी हसलं तर मावशी त्याच्या सात पिढ्या उद्धरायची.

"मग भूकंप झाला," मावशी म्हणाली. "दगडाची घरं. ज्यानं हाक मारली तो सापडला. तिला हाक कुटली? पंचमीला भरलेल्या बांगड्या हातात व्हत्या, त्या वाजवत व्हती. मला आयकू येत व्हतं, मॅडम. पन कुटून येतंय, तेच कळंना. मी हिकडं उकरायची, तिकडं उकरायची. मंग वाजायचं थांबलं."

तिने पदराने डोळे पुसले.

"तवापासून तिच्या बारीला आमी थांबताव. आपल्या बांगड्या धरताव, म्हंजे तिच्या आयकू येतील. संगच्या लई जनी गेल्या. आता मी बी जाईन. माझ्या मागं कोन थांबंल तिच्यासाठी?"

बोलली ती फेरातली सगळ्यात भांडकुदळ पोरगी. "आज्जी, आमी थांबू की. रडू नका."

त्याच दिवशी मुलींचं गाणं त्या जागेसकट घेतलं. पाय आपोआप जुळले, कुणी कुणावर आदळलं नाही. शाळेत बांगड्यांना बंदी, सगळ्यांचे हात मोकळे. तरी हेडफोनमध्ये मला काच ऐकू आली. मी मावशीकडे पाहिलं. तिने माझा चेहरा वाचला असावा.

"तुमाला बी आलं का आयकू?" ती हळूच म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती, फक्त थकवा होता. "अजून वाजवायलीय बगा. आन् मला अजून सापडंना."

परतताना जीपमध्ये मी शेजारणीशी सोयाबीनच्या भावावर तावातावाने बोलत राहिले. मला त्यातलं ओ का ठो कळत नाही. पण गप्प बसायची हिंमत नव्हती.

पुढच्या पंचमीच्या आधीच मावशी गेली. मला कळलं ते शाळेत पोचल्यावर. मुलींनी फेर धरला. गाणं रंगलं आणि ती जागा आली. मी काही सांगितलं नव्हतं, कुणी खूणही केली नव्हती. सगळ्याच्या सगळ्या थांबल्या. आणि नसलेल्या बांगड्या धरल्यासारखं प्रत्येकीने आपलं मनगट धरलं. मला हुंदका आवरेना. रेकॉर्डिंग चालू होतं, पण हेडफोन मी लावलेच नव्हते. धीरच झाला नाही.

नांदेडला त्या फेराची फाईल रेकॉर्डिंगवाल्याने उघडली. मी दारातच उभी होते.

"मॅडम, या ना," तो म्हणाला. "या खेपेला माईक झकास लागलाय. त्या मधल्या जागेत मागच्या वेळी कसली तरी खुळखुळ होती बघा. या वेळी काहीच नाही. एकदम साफ."

मी जवळ जाऊन पाहिलं. रेघ सपाट होती, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मी खुर्ची ओढून बसले.

"सापडली," मी म्हणाले.

"काय हरवलं होतं, मॅडम?"