घरचाच नर

माझी सासू म्हणजे माझी सख्खी आत्या. विंझरच्या त्या घरात मी लहानपणापासून सुट्टीला जायचे, पुढे आत्याच्या मुलालाच मला दिली. आपली पोर आपल्यातच राहिली म्हणून सगळे खूश.

पहिलं बाळ पोटातच गेलं. तेव्हा आत्यानं शिवेवरच्या देवाला बोलून ठेवलं, पुढच्या खेपेला नीट सुटका होऊ दे, काळाभोर कोंबडा देईन, एक पीससुद्धा दुसऱ्या रंगाचं नसेल. बोलून बसली खरी, पण तसला कोंबडा आणायचा कुठनं? आमच्या काळ्या नराच्या मानेवर तांबडी झाक होती. मग तिनं हट्टच धरला, घरीच तयार करायचा. त्याच नराबरोबर त्याच्याच काळ्या लेकी कोंडल्या. त्यांच्या पिल्लांतल्या काळ्या माद्या निवडून पुन्हा त्यालाच लावल्या. शेजारचा तांबडा कोंबडा अंगणात आला की ही काठी घेऊन धावायची.

रंग खरंच येत गेला. पण खुडूक कोंबडीखालची निम्मी अंडी उघडेनात. फोडून बघावं तर आत पूर्ण वाढलेलं पिल्लू, मेलेलं. तोवर मला पुन्हा दिवस गेले होते. मला मेलं ते बघवेना. पुरे कर बाई आता, म्हटलं, तर म्हणे तुला बघायला कुणी सांगितलंय! आणि गुपचूप परसात पुरून यायची.

शेवटी हवा तसा एक वाचला. शाईसारखा काळा. पण पाय वाकडे, दाणे टिपायलाही बसूनच सरकायचा.

परवा वेल्ह्याहून जनावरांचे डॉक्टर शेळ्यांना लस टोचायला आले. त्यांनी त्याला उचलून बघितलं आणि नर कुठला ते विचारलं. घरचाच, म्हणत आत्यानं सगळं कौतुकानं सांगितलं.

"रक्त फार जवळचं झालंय," ते म्हणाले. "नर बाहेरचा आणा."

ते गेले. मी विचारलंच, "आत्या, मग माझ्या पोटातल्याचं काय?"

"माणसांचं येगळं आस्तं," ती म्हणाली. पण माझ्याकडे बघून नाही, त्या वाकड्या पायांकडे बघत म्हणाली.

माझे दिवस भरत आलेत. आत्या आता उठल्या उठल्या माझ्याकडे येते आणि विचारते, हललं का? ते हलेपर्यंत आम्ही दोघी चुलीपाशी बसून राहतो.